मिरच्या सोलण्याचं मशीन आणि विदामावशी

३ सप्टेंबर
बेलग्रेडचा कोर्स झाला. बदल कसा राबवायचा ते आता तोंडपाठ. आमच्या आयवारच्या, म्हणजे लाल ढोबळ्या मिरच्यांच्या चटणीच्या, कारखान्यात भाजलेल्या मिरच्या अजून बायका हाताने सोलतात. यंदा मशीन. विरोध होईल, विरोधकालाच हाताशी धरायचं, असं कोर्समध्ये सांगितलंय. संकल्प: आवाज चढवायचा नाही.

५ सप्टेंबर
विरोध झाला. म्हणजे सोलणाऱ्या बायकांतली विदामावशी. मला इथे चिकटवलं तिनेच, त्यामुळे साहेब म्हणत नाही. मशीन मिरच्यांबरोबर आम्हालाही सोलणार का, असं तिने सगळ्यांसमोर विचारलं. बायका हसल्या. मीही हसलो, जरा उशिरा.

९ सप्टेंबर
मावशीला 'बदल-प्रतिनिधी' केलं. बिल्ला दिला. कोणाचीही नोकरी जाणार नाही, असा शब्दही दिला. डायरेक्टरांना विचारलं नव्हतं, पण एवढ्यातेवढ्यासाठी त्यांना कशाला त्रास?

१८ सप्टेंबर
कॉफीच्या वेळी मावशीने सगळ्यांना पटवलं. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, मिलुटिन माझ्या डोळ्यांदेखत वाढलाय, तो फसवणार नाही. विरोध संपला. कोर्स वसूल. छातीत जळजळतंय, बहुधा कॉफी.

२५ ऑक्टोबर
हंगाम मशीनवर पार पडला. डायरेक्टरांनी सोलण्याचं खातंच बंद केलं. मावशीसकट सगळ्या घरी. मी खोटं बोललो नव्हतो. शब्द दिला तेव्हा तो खराच होता. भांडायला डायरेक्टरांच्या केबिनपर्यंत गेलो, पण ते फोनवर होते. उद्या नक्की.

२६ ऑक्टोबर
आज ते फोनवर नव्हते. मीच गेलो नाही.

४ नोव्हेंबर
बाजारात मावशी दिसली. मी खाली मान घालून बटाटे निवडत राहिलो. घरी पोतंभर बटाटे आहेत. लाज वाटली.

२१ नोव्हेंबर, दुपार
आज आमची स्लावा, घराण्याच्या संताचा दिवस. स्लावेचं आमंत्रण नसतं. ज्याला यायचं तो येतो. दरवर्षी अर्धा कारखाना लोटतो. बायको म्हणाली, यंदा सार्मा, कोबीच्या पानातले खिम्याचे रोल, कमी करू. म्हटलं, माणसं एवढी मनात ठेवत नाहीत, मोठं पातेलं काढ.

संध्याकाळ
कारखान्यातलं कोणी आलं नाही. मग दार वाजलं. विदामावशी. संताच्या तसबिरीपुढे क्रूसाची खूण केली, प्रसादाच्या गोड गव्हाचा चमचा तोंडात घातला आणि टेबलाशी बसली. मी डायरेक्टरांचं, मशीनचं सांगायला लागलो.

"मिलुटिन, मी संताकडे आलेय, तुझ्याकडे नाही. सार्मा वाढ."

वाढला. स्लावेला यजमानाने बसायचं नसतं, म्हणून ती जेवेपर्यंत शेजारी उभा राहिलो. माफी मागायला तेवढा वेळ भरपूर होता. मागितली नाही.