तळाशी बसलेले तेल

प्रिय हेमांगी,

तुझे वर्षश्राद्ध आज यथासांग पार पडले. गुरुजी गेले, पाने उचलली गेली, आणि तुझ्या आई थोड्याच वेळापूर्वी त्यांच्या गावी, दांडीला, परतल्या. पत्रे लिहिणे हा माझा स्वभाव नव्हे, हे तू जाणतेस. परंतु आज सकाळी आपल्या घरात जे घडता घडता राहिले, ते तुझ्याखेरीज कोणाला सांगावे? आणि जाब तरी दुसऱ्या कोणाला विचारावा?

कपाटातल्या त्या बाटलीवर तू चिठ्ठी का लावली नव्हतीस?

कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझे अर्धे आयुष्य बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात गेले. घरी मी मिठाच्या बरणीवर ‘मीठ’ असे लिहिले, तेव्हा तू केवढी हसली होतीस! “अहो लेबलवाले, माझ्या कपाळावरही लिहून टाका ना, ‘बायको’ म्हणून!” द्रव आपली ओळख आपणच देतो, पाहणाऱ्याला पाहता आले पाहिजे, असे तुझे म्हणणे. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना ते शोभतही होते. पण या घरात सगळेच तुझ्यासारखे पाहणारे नव्हते, हेमांगी!

तुझा तो काचेच्या पेल्यातला दिवा आठवतो? खाली पाणी, वर तिळाचे तेल, तेलावर बुचाच्या चकतीत खोवलेली वात. “तेल संपलं की पाणीच वात विझवतं, मागे राखण नको,” असे तू म्हणत असायचीस. आज तुझ्या छायाचित्रापुढे तोच दिवा लागावा, असा आपल्या ईशाचा हट्ट होता. आईंनी कपाटातून पेला काढला. शेजारी पाण्यासारखी नितळ भरलेली बाटली होती. तूच दिव्यासाठी भरून ठेवलेले पाणी, असे समजून त्यांनी ते पेल्यात ओतले, त्यावर तेल सोडले आणि वातीची चकती ठेवली.

त्यांना वास आला नाही का? आला! पण रासायनिक कारखान्यांच्या शेजारच्या आपल्या कुंभवलीत उग्र वास आला की माणूस काय करतो?

“कंपनीचा वास सुटलाय गो, खिरकी लाव,” असे आई म्हणाल्या, आणि ईशाने खिडकी लावली. आतल्या खोलीत मी ते ऐकले आणि सोवळ्याच्या निऱ्या करीत राहिलो. मलाही ते अगदी स्वाभाविक वाटले.

मी बाहेर आलो, तेव्हा ईशाने काडी ओढली होती. बंद तावदानातून आलेले ऊन पेल्यावर पडले होते. आणि तेल वर नव्हते! ते तळाशी बसले होते, पिवळे आणि जड. त्यातून गोळा झालेल्या उन्हाचा एक टिपका पाटावर थरथरत होता. तेल पाण्यात कधी बुडत नाही. ते ज्यात बुडेल असा नितळ द्रव तुझ्या कपाटात एकच असणार: तुझ्या प्रयोगांचे स्पिरिट! वात त्यात चिंब भिजली होती.

“ईशा, मागे सर!”

या घरात माझा आवाज इतका कधी चढला नव्हता. ती दचकली, पण काडी तिच्या हातात जळतच होती, वातीपासून जेमतेम वीतभर अंतरावर.

“बाबा, काय झालं?”

“आधी मागे सर! मागे सरून विझव!”

ती सरली. तिने फुंकर घातली. मी काडेपेटी काढून घेतली आणि खिडकी सताड उघडली.

“अवो जावय, आजच्या दिवसाला पोरीवर वरडता काय? पानीच हाय ना ते!”

“पाणी नाही, आई. स्पिरिट आहे. भडका उडाला असता.”

त्यांनी ईशाला जवळ ओढले. मी पेला उचलून मोरीकडे निघालो, तशा त्या हलकेच म्हणाल्या, “पन माज्या लेकीच्या हातचं हाय. नका ओतू.”

सांग, यावर मी काय करायला हवे होते?

तू मुलांना दाखवत असायचीस, तेच मी केले. वात काढली आणि पेल्याच्या कडेने चमच्याचमच्याने पाणी सोडत गेलो. स्पिरिट पाण्याने जड होत गेले. तळाचे तेल सुटले, गोल झाले, आणि मधोमध येऊन थांबले. धड वर नाही, धड खाली नाही. ईशाने वाकून त्यातून तुझ्या छायाचित्राकडे पाहिले.

“आजी, यातून आई उलटी दिसते!”

“जित्तेपनी तरी कुठं सरळ होती!” आई म्हणाल्या. आम्ही तिघेही हसलो, आणि हसता हसता आईंचा बांध फुटला.

दिवा नंतर वाटीत लावला, पाण्यावर. ते पाणी मी स्वतः भरले आणि तीनतीनदा हुंगले. हसू नकोस!

उरलेले स्पिरिट जपून ठेवले आहे. बाटलीवर मी ‘स्पिरिट. ज्वलनशील. दिव्यासाठी नाही.’ अशी चिठ्ठी लावली. ईशाने त्याखाली लिहिले, ‘आईचे’.

पुढच्या वर्षी तेलाचा गोळा पुन्हा मधोमध उभा करीन. आणि एक शब्द देतो. यापुढे उग्र वास आला, तर तो कुठून येतो आहे हे पाहिल्यावाचून या घरातली खिडकी लावली जाणार नाही.

तुझा लेबलवाला,
प्रभाकर