सही कुठं करू?

हसनाबाद

प्रिय सुदाम,

तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. तुझ्या विम्याचे पैसे मिळण्याचा फॉर्म काल जालन्याच्या विमा ऑफिसातून आला. आज भरायला घेतला, पण अर्ध्यात हात थांबला. म्हणून तुलाच लिहायला बसलो.

चौथीत शाळा सुटलेला तुझा हा भाऊ. पण पॉलिसीच्या मागचा बारीक मजकूर गावात माझ्याइतका कुणी वाचलाय का? विमा म्हणजे मरणाला बोलावणं नव्हे, मागं राहणाऱ्यांची सोय, हे मी किती ओट्यांवर बसून समजावलं! तुझी पॉलिसीही मीच काढायला लावली. तेव्हा तुझं लग्न व्हायचं होतं, म्हणून वारस म्हणून थोरल्या भावाचं, माझं नाव घातलं. तेव्हा ते बराबरच होतं.

लग्नानंतर तू नाव बदलायचा फॉर्म आणलास. म्हणालास, "दादा, इथं रमाचं लिहून द्या."

आणि मी काय बोललो, आठवतं?

"सहा महिने न्हाई झाले, अन् भाऊ परका झाला का रे?"

तू हसलास. "राहू द्या मंग," म्हणून घडी करून घेऊन गेलास. भांडायचं होतंस ना रे माझ्याशी!

आज सकाळी पॉलिसी काढायला तुझी पेटी उघडली. पॉलिसीखाली तोच फॉर्म, त्याच घडीत. सोबत वहीचं एक पान: त्यावर 'रमा सुदाम' बावीस वेळा. पहिल्या दोन ओळी तुझ्या हातच्या, पुढच्या वाकड्यातिकड्या. रमा म्हणाली, त्या फॉर्मवर तिलाही सही करावी लागेल असं तुला वाटलं होतं. म्हणून महिनाभर तिच्याकडून गिरवून घेतलंस.

अरे, त्यावर बायकोची सही लागतच नव्हती! एवढं तरी मी सांगायला हवं होतं. मी तर तुझा फॉर्म उघडूनही पाहिला नाही. बारीक मजकूर वाचणारा मी!

मग कालचा फॉर्म ओसरीवर पसरला. ती दाराआडून बाहेर आली. हातात तुझा पेन.

"दादा, मी सही कुठं करू?"

जागा नव्हती रे. तिन्ही ठिकाणी माझीच सही मागितली होती.

तो पैसा माझ्या हातात येईल, पण तिथं थांबणार नाही. रमाला घेऊन बँकेत जाईन, तिच्या एकटीच्या नावावर खातं काढीन. कागदावर बोट ठेवून सांगीन, "इथं कर, बाई." कितीही वेळ लागू दे. मी घाई करणार नाही. तिची झाली की खाली साक्षीदार म्हणून माझी करीन.

तुझा चुकलेला,
दादा