बेकरीवाला दिला, स्ट्रायकर घेतला

५ जून
मागच्या सीझनला आमचा क्लब शेवटून दुसरा आला. त्यात माझ्या कोचिंगचा दोष नाही, रेफरीची नजर अधू आहे. तरी यंदा आमूलाग्र बदल. सुरुवात गोलकीपरपासून. हा माणूस बेकरी चालवतो, भट्टीपुढून थेट मैदानावर येतो आणि गोल खाल्ला की हसतो. मला हसरा गोलकीपर चालत नाही.

८ जून
नदीपलीकडच्या क्लबशी सौदा पक्का. बेकरीवाला त्यांना, त्यांचा स्ट्रायकर आपल्याला. त्यांच्या कोचने इतक्या पटकन हो म्हटलं की मला त्याची कीव आली.
बायको म्हणाली, शाळेपासूनचा मित्र आहे, निदान तोंडावर तरी सांगा. मी मेसेज केला. सोबत अंगठ्याचं चित्रही.

९ जून, सकाळी
ब्रेड आणायला बायकोला पाठवलं. मी कामात होतो. बेकरीवाला तिला म्हणाला, त्याला म्हणावं तब्येतीला जप. ही धमकी दिसते.

२१ जून
स्ट्रायकर आला. ज्या व्हिडिओवरून निवडला, तो त्याच्या धाकट्या भावाचा निघाला. हरकत नाही. रक्त तेच.

१४ जुलै
पहिली मॅच. ०-४. गोलमध्ये मेहुण्याला उभा केला होता. तो प्लंबर. गळती थांबवणं हा त्याचा धंदाच. मेहुणा म्हणतो, पाइप पळत नाहीत, भावजी.
बॉल बहुतेक वेळ आमच्याच हद्दीत होता. म्हणजे खेळावर ताबा आमचा.

१८ ऑगस्ट
स्ट्रायकरचा पहिला गोल. आमच्याच जाळ्यात, पण फिनिशिंग क्लास. पोरगा फॉर्मात येतोय.
उद्यापासून पहाटे टीमबरोबर मीही धावणार.

१९ ऑगस्ट
गुडघा.

२० ऑक्टोबर
शेवटची मॅच, नेमकी नदीपलीकडच्यांशी. बरोबरी झाली असती तरी डिव्हिजनमध्ये टिकलो असतो. ०-१ वर असताना शेवटी शेवटी पेनल्टी मिळाली. स्ट्रायकरने मारली. बेकरीवाल्याने ती अडवली नाही, झेलली. गरम पाव झेलावा तशी.
हसला मात्र नाही. मॅच संपल्यावर माझ्याकडे आला. म्हणाला, नको होतो तर सांगायचंस, मी आपणहून जागा सोडली असती. मी म्हटलं, फुटबॉल आहे, चालायचंच. आवाज नीट फुटला नाही. दिवसभर ओरडून घसा बसला होता.

२७ ऑक्टोबर
क्लबची मीटिंग. खालच्या डिव्हिजनमध्ये गेलो असलो तरी बेकरीवाला परत यायला तयार आहे म्हणे. अट एकच, कोच दुसरा हवा. सगळ्यांनी हात वर केले. मेहुण्याने दोन्ही.
अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांनी सगळं इतक्या हळुवारपणे सांगितलं की आपलं काय उपटलं ते मला घरी आल्यावर कळलं.
तसं बघितलं तर हे प्रमोशन आहे. मी आता मानद सल्लागार. सल्ला लागला की तेच फोन करणार. तोपर्यंत मैदानावर यायची तसदी घ्यायची नाही, असं आवर्जून सांगितलंय.

१० नोव्हेंबर
अजून फोन नाही. नवी टीम बांधतायत, माझ्याशिवाय कसं जमणार? फोनच बिघडला असावा. बायकोला तिच्या फोनवरून लावून बघायला सांगितलं.
वाजला.