लोबानाचा धूर जातो कुठे?

मलकापूर (कराड)

थोरल्या आणि (अम्मीच्या मते) शहाण्या अर्फा आपास, धाकट्या सबीनाचा सलाम. दुल्हाभाईंनाही सलाम सांग. अल्लाहच्या मेहेरबानीनं आम्ही दोघं खुशाल आहोत, ह्यांचं गादीचं दुकान लग्नसराईमुळं बरं चाललंय. तुझे गुडघे कसे आहेत? गच्चीवर पापड घालायला सुनेला पाठवत जा, पापडाला कुणी घातलं ते कळत नाही. शेळी व्याली का? अम्मीचा खोकला कसा आहे हे मात्र विचारत नाही, कारण तू लगेच म्हणणार, "तुझ्या त्या भिंतीची कृपा." त्या भिंतीबद्दलच हे पत्र आहे. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदाला मध्येच तोडता येत नाही. (फाडता येतो, पण तू फाडणार नाहीस. मागची बाजू कोरी ठेवलीय, वाण्याची यादी होईल.)

मागच्या थंडीत आम्ही या फ्लॅटमध्ये नवे आलो आणि हौसेनं अम्मीला आणलं. कोपऱ्याची खोली तिला दिली, म्हणजे फजरच्या नमाजाला उठल्यावर तिला निवांतपणा मिळावा. महिन्याभरात पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके उठले, आधी तिळासारखे, मग शाई शिंपडल्यासारखे. अम्मीला खोकला लागला, मग दम. डॉक्टर म्हणाले बुरशी. तू गाडी घेऊन आलीस, दारातूनच भिंत बघितलीस, आणि चहाला हात न लावता अम्मीला घेऊन निघालीस. (तो चहा मी प्यायले. दूध चांगलं होतं.) जिन्यात म्हणालीस, "आधी भिंत धू, मग आईला मागायला ये." आपा, ते वाक्य वर्षभर माझ्या घशात अडकलंय. या रमजानला अम्मीनं माझ्या दस्तरखानावर रोजा सोडावा, एवढी एकच दुआ मी मागतेय, आणि मध्ये ती भिंत उभी.

तू कोरड्या मुलखातली. आटपाडीत धुतलेली चादर पिळेपर्यंत वाळते. इथं दोन नद्यांच्या पदराखाली राहून काय होतं ते तुला कळायचं नाही. मी भिंत ब्लीचिंगनं पुसली, व्हिनेगरनं पुसली, कडुलिंबाच्या पाल्याचा काढा मारला, वर ओल न धरणारा म्हणून विकलेला महागडा रंग दिला. पंधरवडा गेला की रंगाच्या आतून ठिपके परत डोळे काढून बघायचे. हिशेबाच्या वहीत मी 'रंग' असं नवं खातं उघडलं. रंगाचा दुकानदार मला बघून खुर्ची पुढं करायला लागला, तेव्हा उमगलं की खर्च कुठल्या थराला गेलाय.

शेवटी समोरच्या शकुंतलावहिनी म्हणाल्या, हे वरच्यांचं काम. (या मूळच्या माण तालुक्यातल्या. त्यांच्या गावी भिंतीला ओल आली तर लोक गुलाल उधळतील, त्यामुळं ओल हा प्रकार त्यांना चोरीसारखाच वाटतो.) वर सुभेदार निकम राहतात, फौजेतून रिटायर, नाव वीरधवल आणि आवाज नावासारखाच. त्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या भिंतीत उतरतंय, यावर आमचं एकमत झालं. मी बुरखा सारखा केला, वहिनींनी पदर खोचला आणि आम्ही वर गेलो. वहिनींनी दारातच तोंड सोडलं, "आवं सुभेदार, तुमच्या आंघुळीचं पानी हिच्या भितीत मुरतंय, आन् तुमी हितं पेपर वाचताय व्हय?" सुभेदार उठले आणि बाथरूमचं दार उघडून बाजूला उभे राहिले. आपा, ती फरशी खारी बिस्किटासारखी कोरडी होती. शिवाय त्यांचं बाथरूम आमच्या कोपऱ्यावर नाहीच, जिन्याकडं आहे. हे खालून आम्हा दोघींना कसं सुचलं नाही, याचा विचार आम्ही जिना उतरताना करणार होतो, पण सुभेदार म्हणाले, "इल्जाम लावलाय ना ताई? आता इन्स्पेक्शन होणार. आज शाम को येतो." फौजेतला माणूस अपमान गिळत नाही, त्याची चौकशी बसवतो.

ती गुरुवारची संध्याकाळ होती, आणि तुला माहीतच आहे, जुमेरातला मगरिबच्या नमाजानंतर मी लोबान जाळते. आता एक गोष्ट सांगते, हसू नकोस. या घरात आल्यापासून लोबानाचा धूर तासन् तास खोलीतच राहायचा, पांढऱ्या ढगासारखा छताखाली लोंबकळत. जुन्या घरात तो कौलांतून निघून जायचा. मी समजायचे, ही बरकत. ज्या घरातून धूर जात नाही, त्या घरातून रोजी जात नाही. शेजारणींना बोलावून दाखवायचे! तर सुभेदार आत आले ते त्या ढगातच. खोकले, डोळे पुसले, आणि त्यांनी विचारलं, "ताई, हा धूर जातो कुठे?" मी अभिमानानं सांगितलं, "कुठंच जात नाही." म्हणाले, "तेच तर! हे घर आहे का बंकर? अहो बंकरला पण हवेचा पाइप असतो!"

मग त्यांनी लोबानदानी हातात घेतली (चप्पल दारात काढून आणि रीतसर विचारून, माणूस रीतीचा आहे) आणि धूर कुठं ओढला जातो ते बघत खोलीखोलीत फिरले. कुठंच ओढला जात नव्हता. स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टपुढं धूर गुमान उभा. सुभेदार स्टुलावर चढले आणि झडपेत बोटं घालून त्यांनी कापूस ओढला. कापूस येतच राहिला. वहिनी म्हणाल्या, "आगं बया, पंख्यात गादी घातलीया!" मग बाथरूमच्या पंख्यातून कापूस निघाला, खिडक्यांच्या फटींतून कापूस निघाला, दारांखालून कापसाच्या शिवलेल्या वळकट्या निघाल्या. गादीवाल्याचं घर, कापसाला काय तोटा! साखर कारखाने सुरू झाले की इकडं चिपाडाची काळी राख उडते आणि चादरींवर बसते. ती येऊ नये आणि थंडी लागू नये, म्हणून घर असं शिवून टाकलेलं. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "पंखा फिरायचा की, आवाज यायचा." कोंबलेल्या कापसातून आवाजच काय तो बाहेर जात होता.

पण वहिनी हार मानणाऱ्या नाहीत. "हवेचं ऱ्हाऊ द्या, भितीवर पानी कुठनं आलं त्ये सांगा." सुभेदारांनी फ्रिजमधली बाटली मागितली आणि टेबलावर ठेवली. आम्ही बघत बसलो. थोड्या वेळात बाटलीच्या अंगावरून ओघळ सुटले. "बाटली गळतेय का?" वहिनींनी झाकण पिळून बघितलं, म्हणाल्या, "न्हाई बा." "मग हे पाणी कुठनं आलं?" सुभेदारांनी विचारलं. ते हवेतलं होतं, आपा. बाटली गार, म्हणून तिच्यावर जमलं. अम्मीच्या खोलीच्या दोन भिंती बाहेरच्या, त्यातली पलंगामागची उत्तरेची. रात्री त्या गार पडतात आणि घरात कोंडलेली सगळी वाफ तिथं जाऊन बसते. कुणाची वाफ? माझ्याच गरम पाण्याच्या आंघोळीची, माझ्याच बिनझाकणाच्या भाताची, आणि राख नको म्हणून घरात दोरी बांधून वाळवलेल्या माझ्याच ओल्या कपड्यांची. वरच्यांवर आळ घ्यायला गेलेली मी, चोर माझ्याच कुकरमध्ये शिट्ट्या मारत बसलेला!

कापूस काढल्यावरही सुभेदारांनी बाथरूमचं दार लावून पंख्यापुढं पेपरचा तुकडा धरला, तो चिकटेना. मग दाराखाली राहून गेलेली वळकटी काढली आणि तुकडा खटकन झडपेला बसला. म्हणाले, "बाहेर जायला गेट आणि आत यायला गेट, दोन्ही पाहिजेत. नाहीतर हवा काय हेलिकॉप्टरनं टाकायची?" आता आंघोळीनंतर दार लावून पंखा चालू ठेवते. (विजेचं बिल बघून जीव खालीवर होतो, पण रंगाचं खातं बंद झालं, तेव्हा गोळाबेरीज आपल्या बाजूनं आहे.) भातावर झाकण असतं. कपडे गॅलरीत वाळतात. राख पडली की झटकते, राखेनं कुणाला दम लागायला नको म्हणून बाहेरच झटकते. सकाळी समोरासमोरच्या खिडक्या उघडते आणि अम्मीचं कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढलंय. निघालेल्या कापसाला ऊन दाखवून ह्यांनी पिंजायला घेतला, दोन तक्के सहज होतील.

बरकतीचं मनाला लागलं होतं, म्हणून मौलानांच्या घरी जाऊन त्यांच्या बेगमना विचारलं. त्या म्हणाल्या, बरकत धुरात असती तर वीटभट्टीवाला सगळ्यांत मोठा नेक माणूस ठरला असता. आता लोबान लावला की धूर खिडकीतून सरळ बाहेर जातो. वहिनींच्या घरी वास पोचतो आणि त्या दार उघडून बसतात.

तर आपा, कडक थंडी सरत आली, भिंत कोरडी आहे. हात फिरवून बघते, तळवा पांढरा निघतो, तोही रंगानं. मी भिंत धुतली, आता आईला मागायला आले आहे. रमजानच्या आधी अम्मीला पाठव. दुल्हाभाईंना सलाम आणि मुलांना दुआ.

तुझी,
सबीना

ता. क. कोरडी म्हणजे कपाटामागं एक ठिपका आहे. एकच. रोज बघते, वाढलेला नाही. खोटं बोलून आईला न्यायची नाही, म्हणून लिहिलं.

ता. क. २. आता खरी गोष्ट. कापूस कोंबलेला असं मी वर लिहिलंय, कुणी कोंबला ते लिहिलेलं नाही. आपल्या अम्मीनं! पलंगावर बसून तिनंच वळकट्या शिवल्या, जावयाकडून कापूस मागवून घेतला (सासूला नाही म्हणायची ह्यांची छाती नाही) आणि मला स्टुलावर चढवून एकेक फट बुजवून घेतली. "वारा लागतो" म्हणत स्वतःच्या हातानं स्वतःचा दम विकत घेतला. सुभेदारांसमोर मी सगळं माझ्यावर घेतलं. फोन तू स्पीकरवर ठेवतेस आणि अम्मी शेजारी कान देऊन बसते, म्हणून हे पत्रात. तिला मराठी अक्षर वाचता येत नाही, तू मात्र मोठ्यानं वाचू नकोस.

ता. क. ३. तेव्हा अम्मीला एकटी पाठवू नकोस. ती माझं ऐकत नाही, तुला घाबरते. पहिले आठ दिवस तूही येऊन राहा, चहाही पी. गुडघ्यांमुळं जमलंच नाही, तर निदान रोज सकाळी फोन करून अम्मीला खिडकीवरून एकदा रागाव. तुझं रिचार्ज अनलिमिटेडचं आहे, मनसोक्त रागाव.