म्हाताऱ्याला पळवण्याचे उपाय

३ मार्च, सोमवार. सकाळ.
काल मुलगा पुन्हा अडकला. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, हातात चमचा. रविवारचा कॉल हा आम्हा मायलेकांचा आठवड्यातला एकुलता एक कार्यक्रम, आणि हा कॉम्प्युटर नेमका त्यात बसकण मारतो. ऐकू येतंय का, असं त्याने विचारलं. येतंय, म्हटलं. मग मी विचारलं, तुला येतंय का. तर म्हणाला, काय? यातच चहा गार झाला. शेवटी नेहमीचंच, आई, रीस्टार्ट कर, मी थांबतो.
बिचाऱ्याला केवढं बोलायचं असतं! हा म्हातारा बोलू देत नाही. म्हातारा म्हणजे कॉम्प्युटर. हे होते तेव्हा कोणता म्हातारा ते सांगावं लागायचं, आता एकच उरलाय.
गेल्या महिन्यात दोन रविवार मुलाचा कॉलच आला नाही. कारण उघड आहे. कंटाळला. मला नव्हे, कॉम्प्युटरला.
तर संकल्प असा: महिनाअखेर म्हातारा पळायला लागलाच पाहिजे. मग मुलगा तासभर बोलेल. तास मी हात राखून सांगतेय.
त्यासाठीच ही रोजनिशी. मला लिहिता येत नाही. शिकायचं राहिलं, आणि पुढे कामांच्या रगाड्यात कोणाला आठवण झाली नाही, मलाही नाही. आकडे येतात, अक्षरं नाहीत. मागच्या खेपेला नातीने कीबोर्डवर नेलपॉलिशचे ठिपके लावून दिले. हिरवा दाबला की कॉल. लाल दाबला की मी बोलते आणि हा लिहितो. काय लिहितो ते मला वाचता येत नाही, दुसऱ्या कोणाला मी दाखवत नाही. इतकी सुरक्षित रोजनिशी कोणी लिहिली नसेल.

४ मार्च, मंगळवार.
आज सुरुवात करणार होते. गुडघा.

५ मार्च, बुधवार.
म्हाताऱ्याचा अभ्यास केला. बटण दाबलं. किटली ठेवली. गादी झटकली. खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घातलं, वाळकी पानं काढली. परत आले तर स्क्रीनवर ते कडं गोल गोल फिरतंच आहे. यांचंही असंच होतं. हाक मारली की तिसऱ्या खेपेला हं यायचं, आणि उत्तर भलत्याच प्रश्नाचं. यांनीच आणला हा, हिशेब लिहीन म्हणून. हिशेब कमी, पत्त्यांचा डाव जास्त.
मी बोलते तेही लगेच उमटत नाही. माझं वाक्य संपतं, मग मुंग्यांसारखी एकेक करून अक्षरं निघतात. तोवर मी पुढचं जुळवते. तेवढं मात्र बरं आहे.
निदान: थकवा. उपाय: विश्रांती. उद्या म्हाताऱ्याला सुट्टी.

७ मार्च, शुक्रवार. दुपार.
समोरच्या दारातली मास्तरीण आली. निवृत्त झाली तरी हातातला खडू सुटलेला नाही. स्क्रीनकडे बघून म्हणाली, अहो, ही काय गर्दी! तुमच्या ओळखीचं नसेल ते सगळं काढून टाका, बघा कसा हलका होतो. कचऱ्याचा डबा कुठला तेही दाखवलं आणि गॅसवर दूध आहे म्हणून पळाली.
मी पदर खोचून बसले. फोन, कॅमेरा, पत्ते ही माझ्या ओळखीची चित्रं, ती ठेवली. बाकी सगळी एकाच तोंडाची, कागदासारखी, खाली नुसती अक्षरं. अक्षरं आणि माझी ओळख कुठली? एकेक धरून डब्यात टाकलं. जन्मभर ज्यांनी मला दारात उभं केलं नाही, त्यांना घराबाहेर काढायची संधी पहिल्यांदाच मिळाली.
स्क्रीन पुसल्यासारखी झाली. पत्त्यांचा डाव मला खेळता येत नाही. असू दे तिथं.

८ मार्च, शनिवार.
वेग होता तेवढाच. कणभर जास्त वाटतो, पण कोणाला सांगणार नाही, दृष्ट लागायची.
मास्तरणीने येऊन कपाळावर हात मारला. म्हणाली, अहो, विजेची बिलं, तुमच्या यांच्या पेन्शनचे कागद, सगळं टाकलंत! मी तुम्हाला ओळखीचं नसेल ते म्हटलं होतं ना? मी म्हटलं, मग मी काय केलं? त्यावर ती एकेक कागद डब्यातून परत काढत बसली. जाताना म्हणाली, रोज थोडा वेळ या, महिन्याभरात वाचायला लावते. म्हटलं, आधी याला पळू दे, मग माझं बघू.

९ मार्च, रविवार. जेवणानंतर.
आज पूर्वतयारी चोख होती. संध्याकाळच्या कॉलसाठी म्हाताऱ्याला सकाळपासूनच चालू ठेवला, म्हणजे ऐन वेळी अंग मोकळं असेल. वर मी विणलेलं लोकरीचं झाकणही होतं. हवा गार आहे.
तरी अडकलाच. मुलाने लगेच माझ्या फोनवर फोन केला. रीस्टार्ट कर, मी थांबतो. मग कडं फिरतंय तोवर तो फोनवर थांबला. थांबलाय म्हणून त्याने माझ्या दाढेचं विचारलं. मी विचारलं, काय खाल्लंस. नातीने आरशात बघून स्वतःचे केस स्वतःच कापले म्हणे, एका बाजूनेच. मी तिची बाजू घेतली. तो हसला, अगदी खो खो. पण हे काही खरं बोलणं नव्हे, ही नुसती वेळ काढली. खरं बोलणं कॉम्प्युटर सुरू झाल्यावर व्हायचं होतं, तर तो पुन्हा अडकला, आणि मुलगा म्हणाला, आई, मी नंतर करतो.
त्याचा चेहरा तसाच स्क्रीनवर राहिला. जेवण होईपर्यंत बंद केला नाही. अशा अवस्थेत म्हाताऱ्याला धक्का देऊ नये असं मला वाटतं. आज मुलाचं तोंड मिटलेलं होतं, छान दिसत होता. मी तिथेच ताट घेऊन बसले. सूप गरम आहे, जपून, असं म्हणालेही. सवयीने.

११ मार्च, मंगळवार. सकाळ.
घरगुती उपाय पुरे. दुरुस्तीवालीला बोलावलं. तोंडात च्युइंगम, खांद्याला बॅग, दारातून आत येता येताच आजी म्हणून मोकळी. झाकण उचलून तिने विचारलं, आजी, हे लोकरीचं याच्या अंगावर कोणी घातलं? म्हटलं, काय की. मास्तरीण येत जात असते.
मग तिने मागची बाजू उघडली. आत एवढी लोकर साचलेली, की उशी भरून झाली असती. रंगही झाकणाचाच, निळा. ती म्हणाली, याला श्वास घ्यायला जागा नाही आजी, हा पळेल कुठून? याला हवा लागते, तुमच्या खुर्चीमागची ती खिडकी उघडी ठेवत जा. आणि आतली डिस्क जुनी झालीय, ती बदलू.
कशासाठी वापरता, असंही विचारलं. म्हटलं, रविवारी मुलाशी बोलायला. मग फोन काय वाईट आहे, म्हणाली. म्हटलं, फोनवर मुलगा अंगठ्याएवढा दिसतो. एवढासा तर तो जन्मला तेव्हाही नव्हता. तिचं च्युइंगम चघळायचं थांबलं.
आता ती त्याला दुकानात घेऊन जाईल. माझं बोलून होईपर्यंत दारात उभी आहे. ये लवकर, म्हाताऱ्या.

१९ मार्च, बुधवार.
आला! मधले दिवस लिहायला हा नव्हता, म्हणून मागचं आज सांगते.
टेबलावर त्याच्याएवढा स्वच्छ चौकोन राहिला होता. धुळीत तेवढीच जागा चकचकीत. मधल्या रविवारी कॉल होणार नाही हे मी आधीच फोन करून कळवलं. सुनेने उचलला. म्हणाली, बरं झालं आई, आम्हालाही बाहेर जायचंच होतं. सून समजूतदार आहे. माझी अडचण होऊ नये म्हणून बाहेर जायचं ठरवलं. तरी त्या संध्याकाळी मी चहा घेऊन चौकोनासमोर बसले होते. थोडाच वेळ. बरं, कप रिकामा होईपर्यंत.
आता वेगाचं. काय सांगू! बटण दाबून किटलीकडे वळले, तर मागे टुंग करून हा तयार. गादी तशीच, कुंड्या तहानलेल्या. यांनी पहिल्या हाकेला ओ दिली असती तर मी जेवढी दचकले असते तेवढी दचकले.
लिहितोही तसाच. माझा श्वास संपायच्या आत अक्षरं हजर, आणि मग ती बारीक रेघ उघडझाप करत माझ्याकडे बघत राहते. हं, पुढे? पुढे काय, अरे थांब की जरा.
सवय होईल.

२१ मार्च, शुक्रवार.
रविवारची तयारी. तासभर बोलायचं म्हणजे ऐवज पाहिजे. दाढ आहे. लिफ्ट बंद पडली आणि त्यात मास्तरीण अडकली, ती आतूनच सगळ्यांना ओळीत उभं राहायला सांगत होती, हे आहे. वरच्या मजल्यावरची मांजर रोज माझ्या खिडकीत येऊन झोपते, ही सगळ्यात मोठी गोष्ट, ती शेवटी ठेवेन. तास कमी पडेल अशी भीती आहे. मास्तरणीला बजावलंय, रविवारी संध्याकाळी इकडे फिरकू नका, मला वेळ नसेल.

२३ मार्च, रविवार. संध्याकाळ.
झाला कॉल.
पहिल्याच दाबाला मुलगा समोर. असा लख्ख, की कानापाशी पांढरे केस दिसले. हे कधी झालं? ऐकू येतंय का, म्हणाला. येतंय. तुला? येतंय. मग दोघंही थांबलो.
कशी आहेस. बरी. जेवलीस? जेवेन. गोळ्या? घेतल्या. दाढेचं सांगितलं. दाखवून घे, म्हणाला. लिफ्टचं सांगितलं. हो का, म्हणाला. चित्र स्वच्छ असलं की एक होतं, माणूस कुठे बघतोय तेही दिसतं. तो माझ्या खाली कुठेतरी बघत होता, आणि बोटं काहीतरी टाइप करत होती. वा आई, मस्त चालतोय कॉम्प्युटर, म्हणाला. बाकी काय? मी मांजरीकडे वळणार, तोवर म्हणाला, चल मग.
आणि स्क्रीन कोरी. पटकन. चेहरा मागे राहिला नाही.
किटलीला अजून उकळी फुटली नव्हती.
पहिलाच दिवस आहे. नव्या वस्तूशी माणूस थोडं अवघडतंच.

२५ मार्च, मंगळवार.
मास्तरीण विचारायला आली, झालं का पोटभर बोलणं? म्हटलं, इतकं झालं, की घसा बसलाय. तिला मांजरीचं सांगितलं. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं आणि मधे तीन प्रश्न विचारले. पण तिचं काय, तिला वेळच वेळ आहे.

२८ मार्च, शुक्रवार.
मला वाटतं म्हातारा जरा जास्तच पळतोय. या वयात एवढं बरं नव्हे. दुरुस्तीवालीने काही सांगितलं तरी तिचं वय काय, अनुभव काय. झाकण पुन्हा घातलं. दुपारी वर शालही टाकली.
काही फरक नाही. पंखा असा दणदणीत बसवलाय बाईने, की शाल फडफडते. बटण दाबलं, टुंग. पुन्हा दाबलं, टुंग. हट्टी आहे.
संध्याकाळी शाल, झाकण दोन्ही काढून घडी करून ठेवलं. खिडकी उघडली. हा अडकणार नसेल तर दुसरं कोणी अडकलं तरी चालेल. विचार चालू आहे.

३० मार्च, रविवार. दिवेलागण.
आजचं लिहून ठेवते, कारण हे मी कोणाला सांगणार नाही.
कॉल लागला. ऐकू येतंय का. येतंय. कशी आहेस, असं त्याने विचारलं आणि मी अडकले. तोंड अर्धवट उघडं, कप हातात, पापणी हलू दिली नाही. तोच दर रविवारी कसा दिसायचा ते मला पाठ आहे.
आई? आई, अडकलं वाटतं. टाइप करायचा तो थांबला. वर बघितलं, सरळ माझ्याकडे. रीस्टार्ट कर आई, आवाज येत असेल तर. मी थांबतो.
आणि थांबला. कोपर टेबलावर टेकवलं, हनुवटी हातावर ठेवली. शाळेचा डबा न आवडल्यावर बसायचा तसा. कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होता. नाकाला खाज सुटली, पण मी हलले नाही. जन्मात एवढी शिस्त पाळली नसेल.
मग तो आपणहून बोलायला लागला. ऑफिसात त्याच्या टेबलावर जेवायला बसणाऱ्या दोघांना काढून टाकलं म्हणे. आता तो दुपारी डबा घेऊन खाली गाडीत जाऊन बसतो. काचा वर करतो, रेडिओ लावतो, तिथेच जेवतो. हिला सांगितलं नाही, असंही म्हणाला. मग म्हणाला, रेडिओवरची बाई फार बोलते, पण बरं वाटतं.
मला विचारायचं होतं, अरे, कोण दोघं? तुझं तर काही नाही ना? गार डबा खातोस का? पण अडकलेल्या माणसाला विचारता येत नाही. महिनाभर ज्यासाठी खटपट केली ते बोलणं समोर वाहत होतं, आणि मी कप धरून पुतळ्यासारखी.
मग तो म्हणाला, आई, तुझ्यामागचा पडदा हलतोय.
खिडकी. म्हाताऱ्याला हवा लागते ना.
तरीही मी हलले नाही. आता हलून काय सांगणार होते? तो एकदा पडद्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. आतून सुनेची हाक आली. तो म्हणाला, चल, मी नंतर करतो. आणि स्क्रीन कोरी झाली.
मी ताबडतोब रीस्टार्ट केलं. त्याने सांगितलंच होतं. टुंग करून म्हातारा हजर. हिरवा ठिपका दाबला. बराच वेळ वाजलं, कोणी उचललं नाही. पुन्हा दाबला. गडबडीत असतील.
चहा गार झाला. मान आखडलीय, डावीकडे वळत नाही. म्हातारा मात्र ठणठणीत आहे.