डोंगराला अहो-जाहो

अण्णा,

गेल्या आठवड्यात यामानाशीहून परत आले. दुभाषी म्हणून निफाड-विंचूरकडच्या बागायतदारांना तिकडच्या बागा दाखवायला नेते, दरवर्षीच. बॅग अजून हॉलमध्ये तशीच पडून आहे. घरात कुणाला काही द्यायचं नसलं की बॅग उघडायची घाई नसते.

तुम्ही शेवटपर्यंत ज्याचं कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दारामागून काढू दिलं नाहीत, तो हा मुलूख. त्याला समुद्र नाही, चहूबाजूंनी डोंगरच. तोक्योहून गाडी निघाली की बोगद्यामागून बोगदे, थेट आपल्या कसारा घाटासारखे, आणि शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडलं की खाली एकदम ताटासारखं खोरं, उतारांवर द्राक्षांचे मांडव. पूर्वी याला काई म्हणत. पुरानं शेतं वाहून जायची म्हणून तिथल्या जुन्या सरदारानं नदीला बांध घातला, तो अजून आहे. आपण घडांना वर्तमानपत्र गुंडाळतो ना, तिथल्या म्हाताऱ्या प्रत्येक घडाला कागदाची टोपी घालतात. दक्षिणेला तो फुजी, आणि त्याच्या पायथ्याशी पाच तळी. तळ्यात डोंगर उलटा दिसतो म्हणतात. मला अजून एकदाही दिसलेला नाही, दरवेळी वारा तरी असतो नाहीतर ढग.

ते कॅलेंडर देणारा जपानी पाहुणा आपल्या बागेत आला होता, तो दिवस आठवतो? मी नुकती जपानी शिकत होते. नावापुढे 'सान' लावला की 'राव' म्हटल्यासारखं होतं, हे तुम्हाला मीच आदल्या दिवशी सांगितलं होतं. पाहुण्यानं कॅलेंडरवरच्या डोंगराच्या चित्रावर बोट ठेवलं, "फुजी-सान." तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "डोंगराला बी अहो-जाहो! लय सुधारेल लोकं हाय ही!" आणि मी, चार बुकं शिकलेली शहाणी, सगळ्यांसमोर म्हणाले, "अण्णा, हा सान वेगळा. सान म्हणजे डोंगर. माहीत नसेल तर बोलू नये." तुम्ही "बरं बाई" म्हणालात आणि चहा सांगायला आत गेलात. पाहुणा जाईपर्यंत बाहेर आला नाहीत.

राग धरला असता तर बरं झालं असतं. तुम्ही उलट मला तुमचा पासपोर्ट काढायला लावलात. "एकदा तो डोंगर बघायचा. तू हायेच संगं." मग तुमचं वाट बघणं सुरू झालं. पासपोर्टासाठी पोलीस घरी चौकशीला येतो, हे कुणीतरी सांगितलेलं. रस्त्यानं मोटारसायकल वाजली की तुम्ही धुतलेला सदरा चढवून फाटकाशी उभे. शनिवारी मी नाशिकहून आले की पहिला प्रश्न, "पासपोट कुठवर आला गं?" मी म्हणायची, "चौकशी बाकी आहे, अण्णा." दोन वर्षं म्हणत राहिले. मग तुम्हीच गेलात.

या खेपेला तळ्याकाठी उभे होतो. विंचूरचे एक आजोबा, टोपीवाले, मला म्हणाले, "ताई, सान म्हंजी काय वो?" म्हटलं, "राव. आपण म्हणतो ना, तसंच." आजोबा खूश झाले. "म्हंजी डोंगराला बी मान देत्यात!" मी हो म्हटलं. खोटंच, पण तेवढ्यापुरतं तरी तुम्ही शेजारी होतात. नंतर बसमध्ये सगळे हसत-बोलत होते आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले.

हे पत्र कपाटाच्या खालच्या खणात ठेवणार आहे, तुमच्या पासपोर्टच्या फॉर्मबरोबर. हो अण्णा, फॉर्म माझ्याकडेच आहे. तो मी कचेरीत कधी दिलाच नाही. परदेशात चारचौघांत तुम्ही काहीतरी बोलाल आणि मला खाली बघावं लागेल, एवढंच कारण. फोटो अजून त्याला चिकटलेला आहे. फोटोवाल्यानं सांगितलं म्हणून त्या दिवशी तुम्ही टोपी काढली होतीत. परक्या माणसासमोर तुम्ही टोपी काढलेली मी तेवढीच पाहिली.