हर्षदने बाहेरून लावलेले कुलूप

मी, श्रीमती चिमा सखाराम भाटकर, वय ७१, राहणार मांडवी, रत्नागिरी, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. मांडवीचे चार खोल्यांचे घर माझ्या स्वकष्टाचे. यजमान समुद्रात गेले तेव्हा मुलगा हर्षद चार वर्षांचा होता. जाळी विणून, सुकी मासळी विकून मी ते बांधले. ते हर्षदलाच जायचे असे मी धरून चालले होते. आता बदलते. कारण लिहिणे भाग आहे.

२. हर्षदने कल्याणपलीकडच्या नव्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतले होते. इमारत बेकायदा ठरून पाडण्याचा हुकूम झाला, हे त्याने मला कळवले नाही. मे महिन्यात फोन आला, "आई, चार दिवस ये ना. मनस्वी वाट बघते." नातीसाठी लाडू बांधून मी आनंदाने गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो सून दीपालीला आणि मनस्वीला दीपालीच्या माहेरी घेऊन गेला. दहा वाजता भिंती हादरल्या. शेजारची इमारत पाडत होते. दार उघडेना. फोन लावला.

"हर्षद, दार बाहेरून का रे लावलंस?"

"आई, गॅलरीत उभी राहा. तू दिसलीस की मशीन थांबवतील. घर वाचवायचंय ना आपलं?"

सहा महिने झाले. अजून माझा कानांवर विश्वास बसत नाही.

तळमजल्यावर शिकवणी घेणारी इफ्फत काझी हिने मला गॅलरीत पाहिले. आपले सामान टाकून ती वर आली, वरवंट्याने कुलूप फोडले. "आजी, चप्पल राहू द्या, चला!" तिने मला पाठीवर घेऊन खाली आणले. दुपारी हर्षदची इमारतही पाडली. इफ्फतचे कपाट आतच राहिले.

संध्याकाळी हर्षद आला. आधी त्याने ढिगाऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

३. रस्त्याकडच्या दोन खोल्या इफ्फतला कायमच्या. "आजी, मी कोण तुमची?" असे तिने विचारले. मी तिचे पूर्ण नाव विचारून लिहिले. उरलेल्या दोन मनस्वीला. ती सज्ञान होईपर्यंत दीपालीने सांभाळाव्यात. "आई रत्नागिरीला परत गेली," असे हर्षदने त्या दिवशी दुपारी दीपालीला सांगितले होते.

४. भावजय यमुनाबाईने नेलेली तांब्याची कळशी तिच्याकडेच राहू द्यावी. त्यावरून बावीस वर्षे मी तिच्याशी बोलले नाही. आता लाज वाटते.

५. हर्षदला घरात वाटा नाही. मला अग्नी मात्र त्यानेच द्यावा, कोणी अडवू नये. मला मुलगा तोच एक.

वकिलांनी साक्षीला दोन शेजारी बोलावले होते. दीपालीने पेन मागून घेतले. म्हणाली, "आई, पहिली सही माझी. मनस्वीचे बाबा वाचतील तेव्हा माझं नाव आधी दिसू दे."

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

सही: चिमा सखाराम भाटकर

साक्षीदार:
१. दीपाली हर्षद भाटकर
२. अजिंक्य सुर्वे, शेजारी